चढावरचा क्लच

पन्नाशी जवळ आलेली असताना मी मोटारसायकल चालवायला शिकले, आणि तेही हौस म्हणून नव्हे. आम्ही सालेकस्यात राहतो आणि माझी शाळा तिथून पुढे, जंगलातला चढ ओलांडल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात आहे. नोकरी लागल्यापासून मला तिथे सोडण्याचे काम यजमानांनी केले. ते भातगिरणीत यंत्रावर होते. मला शाळेच्या फाटकाशी उतरवायचे, तोच चढ परत उतरायचा आणि गिरणी सुरू होण्याआधी कामावर हजर व्हायचे, असा त्यांचा क्रम होता. मी मागे बसून वह्यांची पिशवी सांभाळत असे. गाडी कशी चालते याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती, आणि ती येऊ नये अशीच माझी इच्छा होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या हातातले बळ गेले. आधी शर्टाचे बटण लागेना, मग भरलेली बादली उचलेना. गोंदियाच्या डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचे सांगितले, औषधे लिहून दिली, हाताच्या व्यायामासाठी एक रबरी चेंडू आणायला लावला आणि म्हणाले, पावसाळ्यापर्यंत जेवढी ताकद परत येईल तेवढी आपली, पुढचे पुढे पाहू. त्रास कधीपासून आहे, असेही त्यांनी विचारले. यजमानांनी सांगितले, दिवाळीनंतर. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो. त्यामुळे डॉक्टर हाताविषयी जे काही बोलले, ते यजमानांनी गाडीविषयीच ऐकले असावे. परतीच्या रेल्वेगाडीत, आमगाव मागे पडल्यावर, ते एवढेच म्हणाले, "पानी पडाच्या आगोदर मी गाडीवर बसतो, पाहजो तू."

तोपर्यंत शाळेत जायचे कसे, हा प्रश्न होता. एसटी आमच्या वेळेला येत नाही. शेवटी धान निघालेल्या कोरड्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, त्यांनी मला शिकवायला घेतले. मी गाडीवर, ते कडेच्या धुऱ्यावर उभे. डावा हात खिशात घालून ते उजव्या हाताने खुणा करत आणि ओरडत.

"सोड ना वं लिवर! धरून काय बसली? बकरीचा कान होय का तो?"

मी सोडत असे, पण पुरता नाही. हातात आलेली कोणतीही गोष्ट एकदम सोडून देणे मला जमत नाही. वर्गातसुद्धा वाक्य संपता संपता माझा आवाज खाली जातो, आणि मागच्या बाकावरच्यांना ते पुन्हा सांगावे लागते. लिव्हर हळूहळू सोडला म्हणजे गाडी धक्का देत नाही, आणि दोन बोटे त्यावर ठेवली म्हणजे ती अचानक बंद पडत नाही, एवढे मला उमगले आणि तेवढ्यावरच मी थांबले. गाडी बंद पडण्याची मला फार भीती वाटे. रस्त्यात गाडी बंद पडली की माणसे पाहतात.

माघ सरेपर्यंत मी शाळेत एकटी जाऊ लागले. पहाटे उठायचे, दोघांचा स्वयंपाक, त्यांचे औषध, त्यांच्या शर्टाची बटणे, मग चढ, मग शाळा, आणि आठवड्यातून एकदा दुपारची पॅसेंजर धरून गोंदिया. थकवा हा शब्द मी त्या दिवसांत कोणापाशी वापरला नाही, कारण वापरला असता तर घरातल्या दुसऱ्या माणसाने तो स्वतःवर ओढून घेतला असता.

दिवसभरात बरी वाटावी अशी एकच गोष्ट होती. संध्याकाळी अंगणात गाडी दुहेरी स्टँडवर लावली की यजमान तिच्यावर बसत. डाव्या हाताची बोटे एकेक करून लिव्हरवर ठेवत, ओठ दाबत आणि लिव्हर मुठीपर्यंत आणत.

"पाह्य. पुरा दाबला."

चेंडू त्यांच्याने फारसा दबत नसे. त्याचे मला नवल वाटायचे. पण चेंडू आणि लिव्हर यांची तुलना करावी, हे काही माझ्या मनात आले नाही. लिव्हर दबतो, म्हणजे हात परत येतो आहे, असे मी धरून चालले. डॉक्टरांनाही मी उत्साहाने तसे सांगितले. ते "चांगलं आहे" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

मग मोहाचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी सगळीकडे जळका वास असतो. मोहफुले पहाटे गळतात, आणि ती वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखालचा वाळका पाला लोक आधीच जाळून टाकतात. चढाच्या दोन्ही बाजूंना अशी काळी वर्तुळे आणि त्यांतून उठणारा धूर दिसतो. त्यात फुलांचा गोड, आंबूस वास मिसळलेला असतो. चढावर रोज मला काहीतरी जळल्याचा वास येई आणि मी तो पाल्याच्या खात्यावर टाकून देई. वाऱ्याचा रुख कुठलाही असला तरी तो वास माझ्याच बरोबर का येतो, असा प्रश्न एखाद्या सावध माणसाला पडला असता.

एके दिवशी चढाच्या मध्यावर गाडी थकली. थकली असेच म्हणायला हवे, कारण ती बंद पडली नाही. मी मूठ पिळत होते, इंजिनाचा आवाज वाढत होता आणि वेग मात्र उतरत होता. शेजारून पायी जाणारी एक शेळी माझ्या पुढे निघून गेली. डोंगराच्या बाजूला मोहाखाली एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. जंगलकाठच्या पाड्यावरची असावी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हसली.

"बाई, तुयी गाडी बोंबलते बहुत, पन चालत नाई."

मी उतरले. इंजिन बंद केले, तरी वास थांबला नाही. तो माझ्या पायापाशीच होता, उजव्या बाजूला, इंजिनाच्या गोल झाकणाभोवती. मी गाडी ढकलत वर नेली. म्हातारी टोपली ठेवून मागून हात लावायला आली. मला संकोच वाटला आणि नको म्हणावेसे वाटले, पण तेवढा दम छातीत उरला नव्हता. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि माझ्यासारखीला तेवढे पुष्कळ होते.

दुपारी उतारावरून गाडी कशीबशी घरी आणली आणि यजमानांना सगळे सांगितले. आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. त्यांनी ऐकून घेतले. एरवी यंत्राची गोष्ट निघाली की ते मध्येच तोडून उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितले आणि म्हणाले, "मिस्त्रीले दाखवू. मी येतो संगं."

चौकातल्या गॅरेजपाशी आम्ही पोचलो, मी पुढे आणि ते मागे, तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांचा गिरणीतला एक जुना सोबती बसला होता.

"काय गा, आता बायको डायवर अन् तू सवारी?"

"होय ना," यजमान म्हणाले. "तिकीट नाई लागत, अन् खिडकीची जागा भेटते."

टपरीवरचे लोक हसले. तेही हसले. गाडीवरून उतरताना मात्र त्यांनी माझ्या खांद्याचा आधार उजव्या हाताने घेतला आणि डावा खिशात घातला.

मिस्त्री मोठ्या आवाजाचा, गोंदियाच्या बाजाराची हिंदी बोलणारा माणूस. त्याने गाडीचे पुढचे चाक गॅरेजच्या भिंतीला टेकवले, दुसरा गिअर टाकला, इंजिनाला थोडी गती दिली आणि क्लच सोडून दिला. गाडी पुढे जाऊ शकत नव्हती. अशा वेळी इंजिन धापकन बंद पडायला हवे, असे त्याने मला समजावले. चाक अडलेले आणि क्लचची पकड घट्ट, म्हणजे इंजिनाला थांबावेच लागते. आमचे इंजिन थांबले नाही. भिंतीला नाक लावून ते आरामात घरघरत राहिले.

"देखा? क्लच फिसल रहा है." मग त्याने माझ्या हाताकडे पाहिले. "मॅडम, आप चलाते वक्त लिव्हर पे उंगली रखती हो?"

मी हो म्हणाले.

"बस. हाफ क्लच. प्लेट जला डाली आपने. नई सिखी हो ना?"

मला तेच अपेक्षित होते. कोणी माझी चूक दाखवली की ती माझीच आहे हे मला लगेच पटते, कधी कधी तर समोरच्याचे बोलणे पूर्ण होण्याच्या आधीच. मी यजमानांकडे पाहिले. ते बाकावर बसून रस्त्याकडे पाहत होते. मिस्त्रीने तेल काढले, झाकण उघडले, चार बोल्ट सोडून क्लचमधल्या चकत्या बाहेर काढल्या. त्या काळ्या पडल्या होत्या, काही ठिकाणी काचेसारख्या चमकत होत्या. चकत्या दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा त्याने एका बशीत काढून ठेवल्या, नव्या चकत्या बसवल्या आणि त्याच स्प्रिंगा परत लावल्या. आम्ही निघताना त्याने मला बजावले, "अब लिव्हर को हात मत लगाना, सिर्फ गिअर के टाइम."

त्यानंतर मी इतक्या काळजीने गाडी चालवली की गिअर टाकून झाला म्हणजे डाव्या हाताची बोटे मुठीभोवती घट्ट वळवून घेई आणि चढ संपेपर्यंत उघडत नसे. संध्याकाळी बोटांत गोळे येत. यजमान अंगणात गाडीवर बसत, लिव्हर पुरा दाबून दाखवत, आणि मी होय म्हणत असे. एकदा मी त्यांना विचारले, "अजून माझी बोटं जात असतील का हो लिव्हरकडे, नकळत?" ते म्हणाले, "जात असतीन." आणि उतरून आत गेले.

नव्या चकत्यांनी थोडे दिवस काढले. मग एका सकाळी, त्याच वळणावर, गाडी पुन्हा बोंबलू लागली. या वेळी म्हातारी नव्हती. मी गाडी कडेला लावली, दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाही. मला रडू आले नाही. फक्त पुन्हा उठून ढकलायचे आहे, एवढे एकच काम फार मोठे वाटत होते.

दुपारी यजमानांना मागे बसवून मी गॅरेजला गेले, तेव्हा मिस्त्रीने मला लांबून पाहिले आणि पाना खाली ठेवून दिला.

"मॅडम, फिर?"

"मी बोट ठेवलं नाही," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा खाली गेला, म्हणून मी ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. "एकदाही ठेवलं नाही."

त्याने भिंतीची परीक्षा पुन्हा केली आणि इंजिन पुन्हा घरघरत राहिले. केबल पाहिली, तिला हवी तेवढी ढील होती. तेल पाहिले, बरोबर होते. मग त्याने झाकण उघडले. चकत्या नवीनच होत्या, थोड्या तापलेल्या. त्याने त्या बाजूला ठेवल्या आणि या वेळी स्प्रिंगा पेट्रोलने धुतल्या. तेलाचा काळा थर निघाला तसा त्याचा हात थांबला. दुकानातून नव्या स्प्रिंगांचे पाकीट आणून त्याने ते फोडले आणि एक जुनी, एक नवी अशा दोन्ही माझ्यासमोर फरशीवर उभ्या केल्या. उंची सारखीच होती. पण नव्या स्प्रिंगेची तार जाड होती, जुनीची बारीक. नवी त्याने माझ्या हातात दिली आणि दाबायला सांगितली. ती मला दबली नाही. जुनी दोन बोटांत सहज मिटली.

"ये मोटरसायकल का है ही नहीं!" तो ओरडला. "ये तो किसी मशीन का है. चारो के चारो! इतने में प्लेट दबेगी क्या? किस गधे ने डाला ये?"

टपरीवर कोणीतरी हसले. मी त्या बारीक तारेच्या स्प्रिंगेकडे पाहत होते. गिरणीतल्या भंगाराच्या पेटीत अशा स्प्रिंगा मी पाहिल्या होत्या. यजमान कधीमधी त्या घरी आणत आणि दाराच्या कडीला किंवा टॉर्चला लावत.

"तो गधा मीच होय," बाकावरून यजमान म्हणाले.

मिस्त्रीने वळून पाहिले. "भाऊ, आपने? क्यों?"

"लिवर जड लागत होता."

"जड? इस गाडी का?" त्याची नजर यजमानांच्या खिशातल्या हाताकडे गेली आणि तिथून लगेच निघाली. तो नको इतक्या वेळ फडक्याने बोटे पुसत राहिला.

"कधी टाकल्या?" मी विचारले.

"धान कापाच्या आगोदर," ते म्हणाले. "पोळ्याच्या मांगं-पुढं."

म्हणजे दिवाळीच्या कितीतरी आधी. शर्टाच्या बटणाच्या आधी, बादलीच्या आधी. ते मला रोज चढावरून नेत होते आणि त्यांचा हात जात होता, आणि लिव्हर दबावा म्हणून त्यांनी क्लचची पकड ढिली केली होती. मी मागे बसून वह्या सांभाळत होते. अंगणातला लिव्हर रोज पुरा का दबतो, तेही आता कळले. मला राग यायला हवा होता. माझ्या बोटांवर आलेला आळ त्यांनी दोनदा मुकाट ऐकून घेतला होता. पण रागाला जी उभारी लागते ती माझ्यात त्या दुपारी नव्हती.

मिस्त्री उकिडवा बसला आणि आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाला, "मॅडम, असली स्प्रिंग डालूंगा तो लिव्हर टाइट होगा. आपको चलेगा. भाऊ से नहीं दबेगा." मग त्याने एक तोडगा काढला. "दो असली, दो पुरानी, आमने-सामने लगा देता हूं. थोडा फिसलेगा, थोडा चलेगा."

उत्तर मी द्यायचे होते, कारण तो माझ्याकडे पाहत होता. चारही खऱ्या लावल्या तर चढ सुटत होता आणि गाडी यजमानांच्या हातातून कायमची जात होती. निदान पावसाळ्याच्या आधी गाडीवर बसतो म्हणण्याला जे काही टेकू होते, ते जात होते. मला अंगण दिसले. "पाह्य, पुरा दाबला."

"दोन-दोन लावा," मी म्हणाले.

"कायले?" यजमान उठून जवळ आले. "दोन-दोन कायले? मंग घाटात काय उतरून ढकलशीन रोज?"

"हळू चालवीन मी."

"हळू चालवून चढ होते का वं?" त्यांनी फरशीवरची जुनी स्प्रिंग उजव्या हाताने उचलली, दोन बोटांत दाबली, सोडली, आणि शर्टाच्या खिशात टाकली. "चारही असली टाक, गा. अन् भिंतीले लावून दाखव हिले."

मिस्त्रीने चारही टाकल्या. झाकणाला नवे पॅकिंग लावले, तेल भरले, चाक भिंतीला टेकवले आणि क्लच सोडला. इंजिन एकदम गचकले आणि बंद पडले. चांगले झाले आहे, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला, कारण तेवढा वेळ मला फक्त गाडी बंद पडल्याचे ऐकू आले होते.

घराकडे येताना लिव्हर खरोखरच जड होता. रेल्वे फाटक लागलेले होते. मालगाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा मी मान न वळवता विचारले, "मला का नाही सांगितलं?"

"सांगतलो असतो त तू मांगं बसली असती का?" ते म्हणाले. "मंग कोन नेलं असतं तुले शाळेत?"

मालगाडी फार लांब होती. ती संपल्यावर मी म्हणाले, "डॉक्टरांना तरी आता पोळ्यापासून म्हणून सांगू."

"सांग," ते म्हणाले. "मी बसतो बाजूले."

संध्याकाळी मी आत मेथी निवडत होते. दुहेरी स्टँड लागल्याचा आवाज आला, म्हणून खिडकीतून पाहिले. यजमान गाडीवर बसले होते. त्यांनी बोटे एकेक करून लिव्हरवर बसवली आणि ओठ दाबले. लिव्हर हलला की नाही, ते मला इतक्या लांबून समजले नाही. थोड्या वेळाने त्यांनी बोटे काढली, पँटला पुसली आणि पुन्हा बसवली. मी मेथीकडे वळले.

ते आत आले तेव्हा मी डावा तळहात उजव्या अंगठ्याने चोळत होते.

"किती आला?" मी विचारले.

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणले. मध्ये धानाचा दाणा मावला असता. "एवढा. पन असली स्प्रिंगवर." मग माझ्या हाताकडे पाहून त्यांनी कोनाड्यातला चेंडू काढला आणि माझ्या ओटीत टाकला. "घे. आता तुलेबी लागन."

तो चेंडू मी रोज झाडताना उचलून ठेवत होते, पण दाबून कधी पाहिला नव्हता. तो मऊ असेल असे मला वाटत होते. मी सगळी बोटे वळवून जोर लावला, आणि तो जेमतेम आत गेला.

"दाब दहा डाव," ते पाटावर बसत म्हणाले, "मंग मले वापस दे. माहे बाकी आहेत आजचे."